उस्तिन्याची हायड्रॉलिक्सची परीक्षा

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उस्तिन्या कोर्झिना दोनशे चौदा नंबरच्या हॉलमध्ये शिरली, तेव्हा तिथं शहाण्णव खुर्च्या होत्या आणि माणसं दोन. एक ती, आणि दुसरे विभागप्रमुख वेनियामिन साव्विच. सर व्यासपीठावर उभे राहून मायक्रोफोनवर टिचक्या मारत होते.

"मागपर्यंत ऐकू येतंय का?"

"येतंय, वेनियामिन साव्विच," पहिल्या रांगेत बसत उस्तिन्या म्हणाली. "पण मागं कुणी नाहीये."

"ते दिसतंय मला. असतं तर ऐकू आलं असतं का, एवढंच विचारतोय."

प्रश्न इतका मनापासून विचारला होता की उस्तिन्या उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसली. आवाज नीट येत होता. तिनं तसं तिथून ओरडून सांगितलं, आणि सरांनी समाधानानं वही उघडली.

तिखोरेचेन्स्कच्या विद्यापीठात 'नदीमार्गे लाकूड वाहतूक' या विषयाची पदवी मिळायची. नदीत ओंडके सोडणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती. आता लाकूड ट्रकांवरून जायचं, आणि ते ट्रक नेमके विद्यापीठाच्या खिडक्यांखालून जायचे. एकेक ट्रक गेला की काचा थरथरायच्या आणि साव्विच सर वाक्याच्या मध्येच थांबायचे. मायक्रोफोन त्याचसाठी होता.

पहिल्या वर्षी २१-ल या गटात चौघं होते. एकाला सैन्यात बोलावणं आलं. एकीनं लग्न करून दक्षिणेत संसार थाटला. तिसरा उन्हाळ्यात गुपचूप अर्ज करून ट्रक वाहतुकीच्या शाखेत निघून गेला. त्याचं नाव विभागात कुणी काढत नसे. उरली उस्तिन्या. तिला खरं तर अन्नप्रक्रिया शिकायची होती. पाव, केक, बेकरीची कामं. तिथं अकरा गुण कमी पडले. लाकूड वाहतुकीला गुण कितीही चालायचे, शिक्षण फुकट होतं आणि हॉस्टेलमध्ये जागा मिळत होती. तिची आई गावच्या पोस्टात कामाला होती. तिनं फोनवर शाखेचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "बरं. शेजाऱ्यांना मी नुसतं 'वाहतूक' सांगते."

पहिल्याच आठवड्यात वर्गप्रतिनिधीची निवडणूक आली. प्रत्येक गटाला प्रतिनिधी हवाच आणि तो गुप्त मतदानानंच निवडायला हवा, असा नियम होता. डीन ऑफिसातल्या रिम्मा अल्बेर्तोव्ना पुठ्ठ्याची पेटी घेऊन आल्या आणि मत टाकून होईपर्यंत रीत म्हणून खिडकीबाहेर बघत राहिल्या. उस्तिन्याला प्रतिनिधी व्हायचं नव्हतं. प्रतिनिधीला रोज हजेरी घ्यावी लागते, दर सोमवारी सकाळी साडेआठला बैठकीला बसावं लागतं. तिनं चिठ्ठीवर 'विरोधात' लिहिलं आणि पेटीत टाकली.

रिम्माबाईंनी पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, मग आत हात घालून आणखी काही आहे का ते चाचपलं.

"तू हरलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुणाकडून?"

"ते मला नाही सांगता यायचं. गुप्त मतदान आहे ना."

रिम्माबाई पंचवीस वर्षं त्या ऑफिसात होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ पोरी, माझ्या फॉर्ममध्ये विजयी उमेदवाराचा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. गुरुवारी फेरमतदान. तोवर स्वतःशी जरा बोलून घे."

गुरुवारी उस्तिन्या एकमतानं निवडून आली. पाठोपाठ ती क्रीडा प्रतिनिधी झाली, ग्रंथालय प्रतिनिधी झाली, आणि गटाच्या अग्निसुरक्षेची जबाबदारीही तिच्याच गळ्यात पडली. रोज सकाळी ती हजेरीपत्रकात स्वतःच्या नावापुढे खूण करायची आणि खाली सही करायची की वरची खूण आपण पडताळून पाहिली आहे.

तिच्या खोलीत रुफिना नावाची एक तातार मुलगी राहायची, अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची.

"तुझं बरंय बाई," रुफिना म्हणायची. "आमच्या सरांना माझं नाव अजून येत नाही. परवा म्हणाले, 'तुम्ही, त्या खिडकीजवळच्या.' मी दाराजवळ बसते."

"माझ्या सरांना माझ्या बुटांचा नंबर माहीत आहे."

हे काही खोटं नव्हतं. विभागात पाच शिक्षक. उस्तिन्या गेली तर त्याच महिन्यात विभागाला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं जायचं. ऑक्टोबरात ती वर्गात दोनदा शिंकली, तर दुसऱ्या दिवशी लोकरीचे मोजे आले. मग कोबी भरून भाजलेले पिरोगी यायला लागले, रास्पबेरीचा मुरंबा, बरणीतल्या काकड्या. रस्त्यावर बर्फ गोठला की साव्विच सर तिला हॉस्टेलच्या दारापर्यंत सोडायला यायचे. एकदा वाटेत तेच घसरून पडले. उस्तिन्यानं त्यांना हात धरून त्यांच्या घरी पोचवलं, पण आता ही एकटी कशी जाईल म्हणून सरांच्या जिवाला चैन पडेना, आणि ते लंगडत लंगडत पुन्हा तिच्यासोबत हॉस्टेलपर्यंत आले.

गुणांचं तर विचारूच नका. पाचापैकी पाच, प्रत्येक चाचणीत. ती तोंड उघडायची आणि शिक्षक म्हणायचे, "छान. पुढचं तुला माहीतच असेल." नोव्हेंबरात विद्यापीठानं प्रत्येक गटातला पहिला आणि शेवटचा विद्यार्थी ठरवला, आणि उस्तिन्याला एकाच दिवशी दोन पत्रं आली. एकात गटात पहिली आल्याबद्दल अभिनंदन होतं. दुसऱ्यात गटात शेवटची आल्याबद्दल समज दिली होती, आणि गटातल्या पहिल्या विद्यार्थ्याचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा असा सल्ला होता. दोन्हीवर डीनची सही, एकाच पेनानं केलेली.

रुफिनाची हसून हसून मुरकुंडी वळली. उस्तिन्याला मात्र हसू आलं नाही. दोन्ही पत्रं खाटेवर शेजारी शेजारी ठेवून ती म्हणाली, "यातलं खरं कुठलं, तेच मला कळत नाही, रुफा. मला बहुतेक काहीच येत नाही. पण तेसुद्धा कुणीतरी विचारल्याशिवाय कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं अन्नप्रक्रिया शाखेत बदली मिळावी म्हणून अर्ज दिला. रिम्माबाईंनी तो शांतपणे वाचला आणि खणात ठेवला.

"सही कधी होईल?"

"वेळ लागतो."

"साधारण किती?"

"तुला पदवी मिळेपर्यंत होऊन जाईल."

जानेवारीत परीक्षा आल्या. चार विषयांत चार वेळा पाच. पाचवा विषय हायड्रॉलिक्स, आणि तो होता ग्लाफिरा येर्मोलायेव्नांकडे. बाई एकोणऐंशी वर्षांच्या. तरुणपणी त्यांनी खरोखर नदीवर काम केलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तराफा बांधायच्या तारेत गेली होती. सत्रभर त्या फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, मागं वळून बघायच्या नाहीत. त्यांना पिरोगी करता येत नसत.

टेबलावर प्रश्नांच्या तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडल्या होत्या. उस्तिन्यानं एक उचलली. प्रश्न असा: वाहत्या नदीत सोडलेला तराफा पाण्यापेक्षा जलद जातो, हळू जातो, की पाण्याच्याच वेगानं?

"पाण्याच्याच वेगानं," ती म्हणाली.

"का?"

"म्हणजे... पाणीच नेतंय ना त्याला."

कोपऱ्यात साव्विच सर थर्मास घेऊन बसले होते. धीर द्यायला म्हणून आले होते. ते जोरजोरात मान डोलवायला लागले. ग्लाफिराबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या उस्तिन्याकडे बघत होत्या.

"नदीकाठी उभं राहून कधी बघितलंयस?"

"नाही."

"पुस्तकात वाचलंस?"

"नाही."

"म्हणजे ठोकून दिलंस."

"हो."

"दोन," बाई म्हणाल्या, आणि गुणपत्रकात आकडा लिहिला. दोन म्हणजे नापास. साव्विच सरांच्या हातातलं थर्मासचं झाकण सुटलं आणि दारापर्यंत गडगडत गेलं.

नापास झालेल्याला आणखी दोन संधी मिळतात. दुसरी स्वतः शिक्षकापुढे, तिसरी समितीपुढे. तिसऱ्यांदाही नापास झालं तर नाव कमी होतं. साव्विच सरांनी ग्लाफिराबाईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"ग्लाफिरा येर्मोलायेव्ना, अहो तुम्ही शंभर टक्के गट नापास केलात."

"तुम्ही तो शंभर टक्के अडाणी ठेवलात, त्याचं काय?"

"विभाग जाईल आपला."

"जाऊ दे की. पण जाताना निदान एकीला तरी काहीतरी येऊ दे."

उस्तिन्या दाराआडून हे ऐकत होती. खरं तर तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला कडकडून भूक लागली. कॅन्टीनमध्ये जाऊन तिनं दोन कटलेटं आणि ताटभर बकव्हीटची गरम खिचडी खाल्ली. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं आणि ते चूक आहे असं सांगितलं होतं.

फेब्रुवारीत सगळा विभाग तिला हायड्रॉलिक्स शिकवायच्या मागे लागला. अडचण एवढीच की बाकीच्या चौघांनाही ते धड आठवत नव्हतं. एक म्हणायचा तराफा जलद जातो, दुसरा म्हणायचा हळू, कारण वारा. कॅन्टीनच्या रांगेत ट्रे हातात धरून त्यांची भांडणं लागायची. प्रयोगशाळेत बारा मीटर लांब पाण्याची पन्हळ होती, पण पाइप फुटल्यापासून तिच्यात जिरेनियमच्या कुंड्या ठेवलेल्या. मार्चमध्ये उस्तिन्या दुसऱ्यांदा परीक्षेला बसली. वेगळा प्रश्न आला, तिनं अर्धं बरोबर सांगितलं.

"आधीपेक्षा बरं आहे," ग्लाफिराबाई म्हणाल्या. "दोन."

आता राहिली समिती. समितीत कोण बसणार हे साव्विच सर ठरवणार होते, त्यामुळे त्यांचा जीव भांड्यात पडला. पण उस्तिन्या त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"समितीत ग्लाफिरा येर्मोलायेव्ना हव्यात. नाहीतर मी बसणार नाही."

"अगं पोरी, त्या नसाव्यात म्हणून तर समिती."

"मग माझं नाव कमी करा."

सरांनी तिला मुरंबा देऊ केला. तिनं तो घेतला नाही. असं पहिल्यांदाच झालं होतं. सरांनी मुकाट्यानं कागदावर ग्लाफिराबाईंचं नाव लिहिलं आणि परीक्षा मेअखेर ठेवली.

तेवढ्यात राजधानीतून पत्र आलं. विभागाची मान्यता संपत आली होती. ती वाढवायची की नाही ते ठरवायला एक तज्ज्ञ बारा मे रोजी येणार होते, आणि विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक त्यांना 'प्रत्यक्ष उत्पादनाच्या स्थितीत' बघायचं होतं. उत्पादन तीस वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. साव्विच सर दोन दिवस घरातून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाकडाच्या वखारीतून साठ ओंडके मागवले. विद्यापीठाच्या कागदोपत्री ते 'शैक्षणिक साहित्य' होतं, म्हणून भांडारपालानं येऊन एकेका ओंडक्यावर नंबराचा पत्रा ठोकला, जसा तो खुर्च्यांवर ठोकायचा.

नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला, पाणी चढलं, आणि उस्तिन्या पाच शिक्षकांबरोबर तराफा बांधायला काठावर उतरली. खरं काम एकट्या ग्लाफिराबाईंनाच येत होतं. आठ बोटांनी त्या तारेचा पीळ असा बसवायच्या की पहारीनं उचकटून निघणार नाही. "अंगठा बाहेर ठेव," त्या दर वेळी सांगायच्या. "मी ठेवला नव्हता तेव्हा बघ काय झालं." चौथ्या दिवशी उस्तिन्यानं एक गाठ एकटीनं बांधली. बाईंनी तिच्यावर उभं राहून दोनदा उड्या मारल्या आणि पुढच्या गाठीकडे गेल्या. संध्याकाळी हॉस्टेलवर उस्तिन्या हात रुफिनाच्या नाकापुढे धरून म्हणाली, "वास घे." डिंकाचा वास होता, धुऊनही न जाणारा.

बारा मेला तज्ज्ञ आले. प्लातोन इगोरेविच. तिशीतले, पातळ तळव्यांचे बूट, काखेत टॅब्लेट. तराफा काठाला बांधलेला बघून त्यांनी विचारलं, "हा हलतो का?"

"हलतो ना," साव्विच सर म्हणाले.

"मग हलवून दाखवा. माझ्याकडे 'कार्यरत स्थितीत' असं लिहिलंय."

सरांनी याची तयारी ठेवली होती. तराफा दोरावर शंभर मीटर सोडायचा आणि परत ओढून घ्यायचा. तराफ्यावर चौघं चढले: प्लातोन इगोरेविच, साव्विच सर, ग्लाफिराबाई आणि उस्तिन्या. नवा दोर काही मंजूर झाला नव्हता, म्हणून क्रीडा विभागाकडून रस्सीखेचीचा दोर आणलेला. ऐंशी मीटरांवर तो तुटला.

काठावरचे तीन शिक्षक आधी हात हलवत राहिले, मग पळायला लागले, मग एका कुंपणापाशी थांबून लहान लहान होत गेले.

"थांबवा आता," प्लातोन इगोरेविच म्हणाले.

साव्विच सरांनी उस्तिन्याकडे बघितलं. उस्तिन्यानं सरांकडे.

"तराफा थांबवणं चौथ्या वर्षाला आहे," सर म्हणाले.

"चौथ्या वर्षाला कोण शिकवतं?"

"मीच. पण सहा वर्षांत चौथ्या वर्षापर्यंत कुणी पोचलेलं नाही."

"ग्लाफिरा येर्मोलायेव्ना, तुम्हाला तर येत असेल," उस्तिन्या म्हणाली.

"येतं की. मागं साखळदंड सोडायचे, दोन टनांचे. आहेत का?"

"मागणी केली होती," साव्विच सर पुटपुटले.

"मग बसा," ग्लाफिराबाई म्हणाल्या, आणि स्वतः एका ओंडक्यावर बसल्या.

पहिल्या वळणानंतर फोनची रेंज गेली. तराफा शांतपणे चालला होता. काठावर बर्चच्या फांद्यांना पालवी फुटत होती, एक म्हातारा गळ टाकून बसला होता; त्यानं टोपी काढून नमस्कार केला, साव्विच सरांनीही केला. प्लातोन इगोरेविच थोडा वेळ उभे राहिले, मग बूट भिजले तेव्हा बसले, आणि दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यानं टॅब्लेटवर फॉर्म भरू लागले.

"विद्यार्थी समाधान," त्यांनी वाचलं. "तुमच्या गटातले किती टक्के विद्यार्थी अभ्यासक्रमाबद्दल समाधानी आहेत?"

उस्तिन्यानं विचार केला. "आज सकाळपासून शंभर," ती म्हणाली.

तेवढ्यात तिला ती फांदी दिसली. बर्चची मोडकी फांदी, आधी तराफ्याच्या बरीच पुढं वाहत होती. आता ती बरोबरीत आली होती. उस्तिन्या बघत राहिली. फांदी हळूहळू तराफ्याच्या मधल्या ओंडक्यापाशी आली, शेवटच्या ओंडक्यापाशी आली आणि मागं पडली.

"बाई, ती फांदी मागं राहिली."

"मग?"

"म्हणजे आपण पाण्याच्या पुढं चाललोय."

"का?"

साव्विच सर काहीतरी सुचवायला पुढं झुकले. "वेनियामिन, गप्प बस," ग्लाफिराबाई म्हणाल्या.

उस्तिन्या पोटावर पालथी पडली आणि ओंडक्यांच्या फटीतून पाण्याकडे बघायला लागली. मग उठून बसली. "नदी म्हणजे उतारच आहे. पाण्याला खालून तळ धरतो, बाजूनं काठ धरतात. आपल्याला फक्त पाणी धरतं. आणि आपण जड आहोत. म्हणून आपण पाण्याच्या वर घसरतोय, बर्फावर घसरगाडी घसरते तसे."

"हं," बाई म्हणाल्या. "आता सांग, थांबणार कुठं."

प्लातोन इगोरेविच यांनीही मान वर केली. त्यांनाही हे जाणून घ्यायचं होतं.

उस्तिन्यानं त्यांच्या टॅब्लेटवर साठवलेला नकाशा मागितला. काठावरून विजेचे खांब चालले होते, पन्नास मीटरवर एक. तिनं साव्विच सरांना घड्याळ बघायला सांगितलं आणि खांब मोजले. छत्तीस सेकंदांना एक. नकाशावर रेल्वे पुलाखाली नदी अरुंद होत होती आणि झाप्लोत्ये गावाजवळ एकदम तिप्पट रुंद. फॉर्मच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं बोटानं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. "झाप्लोत्येजवळ नदी रुंद होते, म्हणजे पाणी मंदावतं. मंदावलं की वाळू खाली बसते. म्हणजे तिथं उथळ आहे. आपण तिथं टेकू. चर्चच्या अलीकडे. अजून तीन तास."

"ठीक," ग्लाफिराबाई म्हणाल्या. "बघू."

त्यांनी पिशवीतून काळा पाव, कांदा आणि चार उकडलेली अंडी काढली. चार कशी, असं कुणी विचारलं नाही. प्लातोन इगोरेविच आधी नको म्हणाले, मग त्यांनी अंडं घेतलं, आणि सोलता सोलता सांगायला लागले की लहानपणी आपल्याला रेल्वे ड्रायव्हर व्हायचं होतं, पण आई म्हणाली ऑफिसात बस. पुलाखाली तराफा दोनदा गरकन फिरला तेव्हा त्यांनी साव्विच सरांची बाही धरली, आणि पुढं बराच वेळ सोडली नाही.

झाप्लोत्येला चर्चचा निळा घुमट दिसला, जवळ आला, आणि बाजूनं निघून गेला. उस्तिन्याचं तोंड उतरलं. दोनशे मीटर पुढं तराफ्याच्या पोटाखाली खरखर झाली, सगळे पुढं झुकले, आणि तराफा वाळूवर बसला.

"चर्चच्या अलीकडे म्हणाली होतीस," ग्लाफिराबाई म्हणाल्या.

"मागून वारा होता. मी तो धरला नाही."

"धरायला हवा होता. तीन." त्यांनी उस्तिन्याची गुणपुस्तिका मागितली. ती तिच्या कोटाच्या खिशातच होती. बाईंनी ती गुडघ्यावर ठेवून आकडा लिहिला आणि साव्विच सरांकडे सहीला दिली.

"पण समितीला तीन सह्या लागतात," सर म्हणाले.

दोघांनी प्लातोन इगोरेविच यांच्याकडे बघितलं.

"मी बाहेरचा आहे," ते म्हणाले.

"एक बाहेरचा लागतोच," ग्लाफिराबाई म्हणाल्या. प्लातोन इगोरेविच यांनी सही केली.

तीन म्हणजे जेमतेम पास. काठावर उतरताना उस्तिन्या ती पुस्तिका उघडी धरून पाण्यात गुडघाभर चालत होती, आणि साव्विच सर ती भिजेल म्हणून मागून ओरडत होते.

जूनमध्ये अहवाल आला. विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक ठरवलेल्या अंतरापेक्षा एकशे सत्तर पट जास्त झाल्याची नोंद होती. मान्यता सहा वर्षांसाठी वाढवली होती. खाली एक सूचना: तराफा थांबवणे हा विषय चौथ्याऐवजी दुसऱ्या वर्षाला घ्यावा.

विद्यापीठानं ओंडके परत आणायला ट्रक पाठवला, तोवर झाप्लोत्येच्या लोकांनी ते पाण्याबाहेर ओढून त्यांचं वाफेचं न्हाणीघर बांधून टाकलं होतं. भांडारपाल गेला, भिंतीवरचे पत्रे वाचत आतून बाहेरून फिरला आणि अठ्ठावन्न नंबर जुळले म्हणून परत आला. राहिलेले दोन छपरात असावेत, असं त्यानं लिहिलं. साहित्य हरवलेलं नव्हतं, फक्त त्याची मांडणी बदलली होती. महिनाभर कागद फिरले आणि शेवटी आदेश निघाला की ते न्हाणीघर हे लाकूड वाहतूक विभागाचं क्षेत्रीय केंद्र आहे. गावकऱ्यांनी शनिवार आपल्याकडे ठेवून घेतला, बाकीचे दिवस विद्यापीठाचे.

त्याच आठवड्यात रिम्माबाईंनी उस्तिन्याला बोलावलं. मान्यतेच्या आनंदात डीननं टेबलावरच्या सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि त्यात तिचा बदलीचा अर्जही होता.

"एक तारखेपासून अन्नप्रक्रिया," रिम्माबाई म्हणाल्या. "इथं सही कर. नको असेल तर तिथं."

उस्तिन्यानं दोन दिवस मागितले. पहिल्या दिवशी ती अन्नप्रक्रियेच्या इमारतीत जाऊन आली. कॉरिडॉरभर ताज्या पावाचा वास होता. गटात एकेचाळीस मुली. तिथल्या बाईंनी तिला मागच्या रांगेतली एक खुर्ची दाखवली आणि एक गरम पाव हातात ठेवला. पाव इतका चांगला होता की तिनं तो रस्त्यातच संपवला. दुसऱ्या दिवशी ती ग्लाफिराबाईंच्या घरी गेली.

"मला विचारू नकोस," बाई म्हणाल्या. "पाव सगळ्यांना लागतो. तराफा कुणाला लागत नाही. मी तुला थांब म्हणणार नाही."

"मी ते विचारायला नाही आले. पुढच्या सत्रात काय आहे?"

"नदीची वळणं."

"अवघड आहेत?"

"मला अजून पुरती कळली नाहीत."

उस्तिन्या जरा वेळ बसली. बाईंचं मांजर तिच्या बुटांचा वास घेऊन गेलं. मग ती उठली, डीन ऑफिसात गेली आणि दुसऱ्या, 'नको'च्या रेघेवर सही केली. कागद फायलीत लावताना रिम्माबाईंनी तिच्यापुढे चॉकलेटांचा डबा सरकवला, तेवढंच.

जुलैभर ती झाप्लोत्येला राहिली. रोज सकाळी होडीतून जाऊन काठीनं वाळूची खोली मोजायची आणि वहीत लिहायची. गावातल्या बायका विचारायच्या, मासे आहेत का खाली. ती म्हणायची, मी मासे नाही बघत. त्या म्हणायच्या, मग बघतेस काय. ऑगस्टमध्ये ती हॉस्टेलवर परतली तेव्हा प्रवेशाची यादी लागली होती. लाकूड वाहतुकीला तीन नावं होती. त्यातल्या एका मुलीनं कुठून तरी उस्तिन्याचा नंबर मिळवून फोन केला.

"ताई, खरं सांगा, तिथं काही शिकवतात का?"

"एक बाई शिकवतात," उस्तिन्या म्हणाली. "बाकीचे खाऊ घालतात."

मुलीनं विचारलं, येताना गमबूट आणायचे का. उस्तिन्या म्हणाली, आण, आणि एक नंबर मोठेच आण, आत मोजे घालावे लागतात.